चोरीचे घटक : इंग्लंडचा फौजदारी कायदा आणि विनयपिटकातील दुसरे पाराजिक

चोरी कशाला म्हणावे हा प्रश्न वरवर पाहता अगदी सोपा वाटतो. दुसऱ्याची वस्तू न विचारता घेतली की चोरी झाली, असे कोणीही सांगेल. परंतु पंचशीलातील दुसऱ्या शिक्षापदाचे विवरण चालू असताना उपासक-उपासिका जे प्रश्न विचारतात, त्यांनी हे सोपेपण टिकत नाही. शेजाऱ्याची शिडी न सांगता नेली आणि सायंकाळी जागच्या जागी ठेवली, तर शील मोडले काय? विहाराबाहेर काढलेल्या वहाणांतून आपल्याच समजून दुसऱ्याच्या घालून घरी गेलो, तर? जिवलग मित्राच्या कपाटातून त्याच्या माघारी ग्रंथ काढून नेला, तर? या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर विनयपिटकात आहे. आणि याच प्रश्नांवर इंग्लंडच्या न्यायाधीशांनी सातशे वर्षे डोके शिणवले आहे, ही गोष्ट मात्र आपल्या वाचकांना सहसा ठाऊक नसते.

इंग्लंडच्या कायद्याकडे वळण्याचे कारण सांगितले पाहिजे. ज्या भारतीय दंड संहितेखाली आपण १८६२ पासून २०२४ पर्यंत राहिलो, ती मेकॉलेच्या आयोगाने इंग्रजी कायद्याच्या मुशीतून काढली होती. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२२ साली लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले, त्या वेळी तेथे चोरीविषयी १९१६ चा लार्सनी अॅक्ट लागू होता. दुसरे कारण असे, की इंग्रजांनी अपराधाला मनाचा निकष लावला तो बौद्ध विनयातून घेतला, असे प्रतिपादन आपल्यातील काही उत्साही मंडळी करतात. त्यास आधार नाही. अपराधी मन, म्हणजे लॅटिन भाषेतील 'मेन्स रिया', हा शब्दप्रयोग ख्रिस्ती संत ऑगस्टिन यांच्या खोट्या शपथेविषयीच्या प्रवचनातून बाराव्या शतकाच्या आरंभी 'लेगेस हेन्रिकी प्रिमी' या इंग्रज विधिग्रंथात आला. चोरीची व्याख्या तेराव्या शतकात ब्रॅक्टनच्या नावावर असलेल्या ग्रंथाने रोमन कायद्यावरून घेतली. या प्रवाहाचा राजगृहाशी संबंध नव्हता. परस्परांस न ओळखणाऱ्या दोन परंपरांनी तेच प्रश्न विचारले, हे आम्हांस उसनवारीच्या कथेपेक्षा अधिक विचार करण्याजोगे वाटते.

आज इंग्लंड व वेल्समध्ये चोरीचा कायदा म्हणजे १९६८ चा थेफ्ट अॅक्ट. तो १ जानेवारी १९६९ पासून अमलात आहे. त्याच्या पहिल्या कलमानुसार चोरीचे पाच घटक आहेत. वस्तू मालमत्ता या सदरात मोडणारी असावी. ती दुसऱ्याची असावी. आरोपीने ती बळकावलेली असावी, म्हणजे मालकाचे हक्क स्वतःकडे घेतलेले असावेत. हे त्याने अप्रामाणिकपणे केलेले असावे. आणि मालकाला त्या वस्तूस कायमचे मुकवण्याचा त्याचा इरादा असावा. पहिले तीन बाह्य कृत्याचे घटक, शेवटचे दोन मनाचे. पाचांपैकी एक जरी सिद्ध झाला नाही, तरी चोरी नाही.

विनयपिटकाच्या पाराजिककण्डात, दुसऱ्या पाराजिकाच्या पदभाजनीयातही पाचच आकार सांगितले आहेत. वस्तू परपरिग्गहित, म्हणजे दुसऱ्याच्या स्वामित्वाची असावी. घेणारा परपरिग्गहितसञ्ञी असावा, म्हणजे ती दुसऱ्याची आहे हे त्याला जाणवत असावे. वस्तू गरुक, म्हणजे पाच मासक किंवा त्याहून अधिक मोलाची असावी. थेय्यचित्त उपस्थित असावे. आणि वस्तू तिच्या ठाण्यावरून हलवलेली असावी. नुसता स्पर्श केला तर दुक्कट, जागच्या जागी हलवली तर थुल्लच्चय, आणि स्थानावरून ढळवली की पाराजिक. पाच या संख्येचा मेळ योगायोगाचा आहे, त्यावर इमले बांधू नयेत. घटकांच्या आशयातील मेळ मात्र तसा नाही.

प्रथम मूल्याचे पाहू, कारण येथे आपल्या परंपरेचा राजाच्या कायद्याशी प्रत्यक्ष संबंध आला. कुंभारपुत्र भिक्खू धनिय याने राजगृहात राजाच्या लाकूड-कोठाराच्या रक्षकास, राजाने मला लाकूड दिले आहे, असे सांगितले. त्याने नगराच्या डागडुजीसाठी राखून ठेवलेली लाकडे तोडून गाड्यांवर लादून नेली. महामात्य वस्सकाराच्या हे लक्षात आले आणि बिचारा रक्षक बांधला गेला. धनियाने राजा बिम्बिसारासमोर बचाव मांडला, की अभिषेकाच्या वेळी आपण श्रमण-ब्राह्मणांना तृण, काष्ठ व जल दिल्याचे घोषित केले होते. ते वचन अरण्यातील, कोणाच्याही मालकीच्या नसलेल्या लाकडांविषयी होते, असे राजाने उत्तर दिले. तथापि भिक्खू म्हणून त्याला सोडून दिले. लोकांत मात्र निंदा झाली. तेव्हा तथागतांनी संघातील एका भिक्खूस, जो पूर्वाश्रमी राजाचा न्यायाधिकारी होता, विचारले, की किती मोलाच्या चोरीसाठी बिम्बिसार चोराला मारतो, बांधतो किंवा हद्दपार करतो? उत्तर मिळाले, पाद अथवा पादाच्या मोलाच्या. त्या काळी राजगृहात पाच मासकांचा एक पाद होत असे. हाच पाराजिकाचा मापदंड ठरला.

इंग्लंडमध्येही असा एक आकडा होता, बारा पेन्स. १२७५ च्या वेस्टमिन्स्टरच्या कायद्यापासून बारा पेन्सपर्यंतची चोरी ती लहान आणि त्यावरची ती मोठी, असा भेद रूढ होता. मोठ्या चोरीची शिक्षा फाशी. हा आकडा १८२७ पर्यंत, म्हणजे साडेपाचशे वर्षे, कायद्यात तसाच राहिला. तेराव्या शतकातील बारा पेन्स आणि अठराव्या शतकातील बारा पेन्स यांत केवढे अंतर! पैशाचे मोल जसजसे घसरले, तसतशी माणसाच्या प्राणाची किंमत आपोआप उतरत गेली. त्यातच दुकानातून पाच शिलिंगांची आणि राहत्या घरातून चाळीस शिलिंगांची चोरी यांसाठी स्वतंत्र प्राणदंड आले. ज्यूरीतील सामान्य माणसांना हे सहन होईना. मग घरातून कितीही ऐवज गेला असो, ज्यूरी त्याचे मोल शपथेवर एकोणचाळीस शिलिंग ठरवी आणि आरोपीचा जीव वाचवी. ब्लॅकस्टोन या विख्यात विधिपंडिताने अशा शपथभंगाला पुण्यवंत म्हटले आहे. मुसावादाचे हे एकमेव समर्थन आम्हांस कायद्याच्या इतिहासात मनापासून पटलेले आहे!

अट्ठकथाकारांनी हा धोका ओळखला होता असे दिसते. समन्तपासादिकेत आचार्य बुद्धघोष स्पष्ट करतात, की पाच मासक मोजावयाचे ते जुन्या नील कहापणाच्या हिशेबाने. रुद्रदामक वगैरे नंतरच्या नाण्यांच्या हिशेबाने नव्हे. शिवाय मोल ठरवताना वस्तू, काळ, देश, किंमत आणि वापर या पाच गोष्टी पाहाव्यात असा दंडक ते देतात. त्यावर एक सिंहली कथा आहे. समुद्रातील एका बेटावर एका भिक्खूने नारळाची करवंटी घासून सुंदर पेला बनवला आणि तेथेच ठेवून तो चेतियगिरीला आला. दुसऱ्याने तो थेय्यचित्ताने उचलून चेतियगिरीलाच आणला आणि त्यातून पेज पिताना पकडला गेला. चेतियगिरीवर अशा पेल्याला किंमत होती. परंतु गोदत्त थेरांनी निर्णय दिला, की मोल चोरी जेथे झाली तेथील धरावे. त्या बेटावर लोक नारळाचे पाणी पिऊन करवंटी फेकून देतात, म्हणून हे पाराजिक नव्हे. भातिय राजाला हा निवाडा इतका पटला, की गोदत्तांचे निर्णय प्रमाण मानावेत असे त्याने जाहीर केले.

आता हालवण्याचे. जुन्या इंग्रजी कायद्यात चोरीसाठी वस्तू घेणे आणि वाहून नेणे या दोन्हींची आवश्यकता होती. मग वाहून नेणे म्हणजे किती? १७८१ च्या चेरी खटल्यात चोराने गाडीतील कापडाचे आडवे गाठोडे फाडण्यासाठी उभे केले आणि तेवढ्यात तो पकडला गेला. न्यायाधीशांनी ठरवले, की गाठोड्याचा प्रत्येक भाग त्याच्या मूळ जागेतून सुटला नाही, म्हणून चोरी पूर्ण झाली नाही. १७८४ च्या लॅपियर खटल्यात नाट्यगृहातून बाहेर पडणाऱ्या बाईच्या कानातील कर्णभूषण चोराने हिसकले. ते त्याच्या हाती टिकले नाही, तिच्याच केसांच्या बटांत अडकून राहिले. तरी कानापासून केसांपर्यंतचा प्रवास पुरेसा मानला गेला. १८२४ च्या वॉल्श खटल्यात घोडागाडीच्या पेटीतून पिशवी पुरती बाहेर निघाली नव्हती, तरी तिचा प्रत्येक भाग आपल्या पूर्वीच्या जागेवरून हलला होता, एवढ्यावर अपराध पूर्ण ठरला.

हे निवाडे वाचताना पालीच्या अभ्यासकाला आपण पदभाजनीयच वाचत आहोत असा भास होतो. तेथे जमिनीत पुरलेली, जमिनीवरची, अंतराळातील, पाण्यातील, नावेतील, गाडीतील अशा वस्तूंचे ठाणे कोणते आणि ती कोणत्या क्षणी ढळली, हे एकेक करून सांगितले आहे. डोक्यावरचे दुसऱ्याचे ओझे थेय्यचित्ताने खांद्यावर उतरवले, की पाराजिक. डोक्यापासून खांदा म्हणजे जेमतेम वीतभर अंतर, कानापासून केसांच्या बटेइतकेच. काही आधुनिक वाचक अशा मीमांसेला शुष्क कीस काढणे म्हणतात. आम्ही त्यांच्याशी सहमत नाही. जेथे एका पावलाने भिक्खू संघाबाहेर जातो, किंवा इंग्लंडमध्ये फासावर जातो, तेथे ते पाऊल नेमके कोठे पडले हे मोजणे ही आरोपीविषयीची करुणाच आहे.

ओझ्याच्या या उदाहरणावरून इंग्रजी कायद्यातील एक मोठी उणीव ध्यानात येते. चोरी म्हणजे दुसऱ्याच्या ताब्यातून वस्तू काढणे, असे तेथे मानले जाई. मग मालकानेच विश्वासाने सोपवलेली वस्तू जर कोणी गिळंकृत केली, तर? ती त्याच्या ताब्यात आधीपासूनच असल्याने चोरी होईना. १४७३ मध्ये एका परदेशी व्यापाऱ्याची गाठोडी साउथॅम्प्टनला पोहोचवण्याचे काम घेतलेल्या वाहकाने ती फोडून आतील माल लांबवला. न्यायाधीशांत मोठा वाद झाला. शेवटी असा तोडगा निघाला, की गाठोडे त्याच्या ताब्यात होते हे खरे, पण गाठोडे फोडताच आतील मालावरचा त्याचा कायदेशीर ताबा संपला, म्हणून चोरी. म्हणजे गाठोडे न फोडता जसेच्या तसे विकले असते तर तो सुटला असता! १७७९ मध्ये पिअर नावाच्या माणसाने परत न करण्याच्या इराद्याने घोडा भाड्याने घेतला आणि त्याच दिवशी विकून टाकला. तेव्हा आरंभीच्या कपटामुळे ताबा खरा गेलाच नाही, असे म्हणून न्यायालयाने त्याला चोर ठरवले. १७९९ मध्ये बाझली या बँकेच्या रोखपालाने ग्राहकाने भरलेली शंभर पौंडांची नोट परस्पर खिशात घातली. ती बँकेच्या ताब्यात कधी आलीच नव्हती, म्हणून तो सुटला आणि संसदेला त्याच वर्षी अपहाराचा नवा कायदा करावा लागला. ठेव घेणारा सर्वसामान्यपणे चोर ठरू शकतो हे तत्त्व येण्यास १८५७ साल उजाडले.

विनयात ही अडचण आलीच नाही. उपनिधि म्हणून, म्हणजे ठेव म्हणून सोपवलेली वस्तू मालकाने परत मागितली असता, मी घेतलीच नाही असे भिक्खू म्हणाला, तर दुक्कट. मालकाच्या मनात शंका उत्पन्न झाली, तर थुल्लच्चय. आणि मालकाने, आता ती मला मिळत नाही, अशी आशा सोडली, की पाराजिक. वस्तू तसूभरही हललेली नाही. हलला तो मालकाचा धीर. चोरीचा क्षण येथे मालकाच्या मनात शोधला आहे, आणि हे विश्लेषण आम्हांस इंग्रजी निवाड्यांपेक्षा खोल वाटते.

बाझलीच्या सुटकेचा आणखी एक दुवा आहे. त्याच्यामुळे कायदा झाला, पण तो त्याला लागू झाला नाही. धनियाचेही तेच झाले. तो आदिकम्मिक, म्हणजे नियम होण्यास निमित्त झालेला पहिला माणूस, म्हणून त्यास आपत्ती नाही. विनयातील प्रत्येक शिक्षापदाच्या शेवटी आदिकम्मिकाला ही सूट आहे. इंग्रज न्यायाधीशांनी हे तत्त्व नेहमी पाळले असे नाही. पिअरच्या बाबतीत त्यांनी जुन्या शब्दाला ताणून नवा अर्थ दिला आणि तो त्याच्यावरच लावला.

जमिनीच्या बाबतीत दोन्ही परंपरांतील अंतर अधिकच स्पष्ट होते. जमीन वाहून नेता येत नाही, म्हणून इंग्रजी कायद्यात जमिनीची चोरी संभवत नसे; १९६८ च्या कायद्यानेही काही मोजके अपवाद सोडून तोच नियम कायम ठेवला. विनयात मात्र आराम, विहार व शेत यांची चोरी होऊ शकते. भिक्खूने दुसऱ्याच्या आरामावर खोटा दावा लावला, की दुक्कट. मालक साशंक झाला, की थुल्लच्चय. मालकाने हात टेकले, की पाराजिक. शेताचा खुंट, दोरी, कुंपण अथवा मर्यादा सरकवणाऱ्यालाही तोच न्याय. ज्यांच्या भाषेत 'बांध कोरणे' हा शब्दप्रयोग आहे, ज्यांच्या वाडवडिलांच्या जमिनी कोर्टाच्या कागदांतून गेल्या, त्यांना हा नियम समजावून सांगावा लागत नाही.

आता मनाच्या घटकांकडे वळू. पदभाजनीयात पाच आकारांसोबत सहा आकारांची दुसरी मांडणी आहे. तीत, घेणारा सकसञ्ञी नसावा, विस्सासग्गाही नसावा आणि तावकालिक नसावा, असे म्हटले आहे. म्हणजे वस्तू आपलीच आहे असे त्याला वाटत नसावे, मित्राच्या विश्वासावर त्याने ती घेतलेली नसावी आणि तात्पुरती वापरण्यासाठी नेलेली नसावी. १९६८ च्या कायद्याचे दुसरे कलम उघडले, की तेथे अप्रामाणिकपणा नसल्याच्या तीन बाबी दिल्या आहेत. वस्तूवर आपला कायदेशीर हक्क आहे असा विश्वास असणे. मालकाला कळले असते तर त्याने संमती दिली असती असा विश्वास असणे. आणि वाजवी शोध घेऊनही मालक सापडणार नाही असा विश्वास असणे. पहिला सकसञ्ञी, दुसरा विस्सासग्गाही, आणि तिसऱ्यात पंसुकूलसञ्ञी, म्हणजे वस्तू टाकून दिलेली आहे असे समजणारा, याची छाया दिसते. इंग्रजी कायद्यात हा विश्वास वाजवी असलाच पाहिजे असे नाही, प्रामाणिक असला म्हणजे पुरे. वहाणांची अदलाबदल झालेल्या उपासकाने निश्चिंत असावे, दोन्ही न्यायासनांपुढे तो निर्दोष आहे. मित्राच्या कपाटातील ग्रंथाविषयी मात्र विनय अधिक काटेकोर आहे. महावग्गात विश्वासाने घेण्यास पाच अटी आहेत. तो आपला परिचित असावा, जिव्हाळ्याचा असावा, त्याने पूर्वी तसे बोलून दाखवलेले असावे, तो जिवंत असावा, आणि मी घेतले तर त्याला आनंदच होईल हे ठाऊक असावे.

शिडीचा प्रश्न तावकालिकाचा. परत करण्याच्या इराद्याने नेलेली वस्तू इंग्लंडातही चोरीची नव्हे. त्यातून काय घडले याचे एक उदाहरण गमतीचे आहे. १९६१ मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीतून चित्रकार गोया याने काढलेले ड्यूक ऑफ वेलिंग्टनचे चित्र नाहीसे झाले. १९६५ मध्ये ते परत आले आणि एका वृद्धाने स्वतःहून कबुली दिली. चित्र कायमचे ठेवण्याचा त्याचा विचार नव्हता, हे ज्यूरीने मानले आणि चित्राच्या चोरीतून तो सुटला. चौकट मात्र परत मिळाली नव्हती; तेवढ्या चौकटीच्या चोरीबद्दल त्याला तीन महिन्यांची कैद झाली. १९६८ च्या कायद्यात सार्वजनिक प्रदर्शनातील वस्तू हलवणे हा स्वतंत्र अपराध घालण्यात आला, त्यामागे हे प्रकरण होते. मोटारगाडी तात्पुरती पळवण्यासाठीही तेथे निराळा अपराध ठेवावा लागला. आपल्या भारतीय दंड संहितेने कायमच्या हानीची अट ठेवलीच नव्हती. तिच्या ३७८ व्या कलमानुसार अप्रामाणिकपणे घेण्याच्या इराद्याने वस्तू नुसती हलवली, की चोरी पूर्ण. हे ठाना चावेतिच्या जवळचे आहे, पण तावकालिकाची सूट मात्र गेली. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेतही चोरीची व्याख्या तीच आहे.

अप्रामाणिकपणा ओळखावा कसा, यावर इंग्लंडमध्ये अगदी अलीकडेपर्यंत वाद होता. १९८२ च्या गोश खटल्यात दुहेरी कसोटी आली. सामान्य सभ्य माणसांच्या मते कृत्य अप्रामाणिक आहे काय, आणि आपले कृत्य त्यांना अप्रामाणिक वाटेल हे आरोपीला उमगले होते काय? दुसऱ्या प्रश्नामुळे ज्याची नीतिमत्ता जितकी विपरीत, तितकी त्याची सुटका सोपी झाली. २०१७ मध्ये आयव्ही या पत्त्यांच्या जुगाऱ्याच्या दिवाणी दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने ही दुसरी पायरी काढून टाकली आणि २०२० मध्ये अपील न्यायालयाने फौजदारी खटल्यांतही तेच मान्य केले. आता आरोपीला वस्तुस्थिती काय वाटत होती एवढे त्याच्या मनातून पाहावयाचे. तिची प्रामाणिकता लोकांच्या मापाने मोजावयाची. विनयातील थेय्यचित्ताचा अर्थ अवहरणचित्त असा दिलेला आहे. आपले कृत्य योग्य की अयोग्य याविषयीचे कर्त्याचे मत तेथे विचारात नाही, विचारात आहे तो वस्तू हिरावण्याचा संकल्प. तथापि विनय एका ठिकाणी इंग्रजी कायद्याच्या पुढे जातो. शिकाऱ्याच्या फासात अडकलेले हरिण वा डुक्कर भिक्खूने करुणेने सोडले, तर आपत्ती नाही. थेय्यचित्ताने सोडले, तर पाराजिक. इंग्रजी न्यायशास्त्र इरादा पाहते, पण त्यामागचा हेतू चांगला होता की वाईट, हे शिक्षा ठरवण्यापुरतेच पाहते.

दानाच्या बाबतीत तर इंग्रजी कायदा आम्हांस चमत्कारिक वाटतो. १९६८ च्या व्याख्येतून मालकाच्या संमतीवाचून हे शब्द गळाले. १९७१ च्या लॉरेन्स खटल्यापासून, संमतीने घेतलेली वस्तूही बळकावलेली असू शकते असे हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवत नेले. २००० च्या हिंक्स खटल्यात एका मंदबुद्धी गृहस्थाने दिलेल्या सुमारे साठ हजार पौंडांच्या देणग्या घेणारी स्त्री चोर ठरली, देणग्या कायद्याने वैध असल्या तरी. दुर्बलाची लूट थांबवण्याची न्यायालयाची तळमळ समजते. परंतु शिक्षापदाचे नावच अदिन्नादान आहे. जे दिले ते अदिन्न कसे, हा प्रश्न तेथील विधिपंडितांनीही विचारला आहे.

मनुष्यवधाचे थोडक्यात सांगतो. तिसऱ्या पाराजिकाचेही अट्ठकथेत प्राणी, प्राण्याची जाणीव, वधकचित्त, उपक्रम व त्यायोगे मरण असे पाच घटक आहेत. इंग्रजी कायद्यात खुनासाठी ठार मारण्याचा किंवा गंभीर दुखापत करण्याचा इरादा लागतो. म्हणजे केवळ हात मोडण्याच्या इराद्याने मारले आणि माणूस मेला, तर तेथे खून. विनयात, मारण्याचा अभिप्राय नसल्याने, पाराजिक नाही. येथे विनय मनाशी अधिक प्रामाणिक आहे असे आमचे मत आहे. मात्र एक भेद विसरू नये. पाराजिकाचा परिणाम संघातून बहिष्करण एवढाच. राजदंडाची भाषा तेथे नाही. म्हणूनच भिक्खूचे मन जाणण्याची रीतही वेगळी. तुझे चित्त काय होते, असे तथागत त्यालाच विचारतात आणि त्याच्या कबुलीवर निर्णय होतो. इंग्लंडमध्ये आरोपीला काहीच सांगावे लागत नाही. अपराधाचा प्रत्येक घटक निःसंशय सिद्ध करण्याचा भार सरकारपक्षावर आहे, हे १९३५ च्या वुलमिंग्टन खटल्यात कायमचे ठरले.

अशा रीतीने घटकांची चौकट ही आरोपीची ढाल आहे. ती ढाल इंग्रजांनी आपल्या देशात सर्वांना दिली नाही. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा संमत झाला, तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात कायदा-सदस्य होते जेम्स फिट्झजेम्स स्टीफन. पुढे १८८३ मध्ये इंग्लंडच्या फौजदारी कायद्याचा तीन खंडांचा इतिहास लिहिणारे, अपराधाच्या मानसिक घटकाची बारीक चिकित्सा करणारे तेच हे स्टीफन. या कायद्यात कृत्य नव्हते, इरादा नव्हता, ताबा नव्हता, मोल नव्हते. एकच घटक होता, जन्म. वस्तू कोणाची, ती ठाण्यावरून हलली काय, चित्त कोणते होते, यांपैकी काहीही न विचारता संपूर्ण जमातीची नोंद होई, हजेरी घेतली जाई, परवान्याशिवाय गाव सोडता येत नसे. १९११ च्या सुधारणेने तो मुंबई इलाख्यासह सर्व ब्रिटिश भारतात नेता आला आणि सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाआड वसाहती उभ्या राहिल्या. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी गुन्हेगार जमाती, आदिवासी आणि अस्पृश्य या तीन वर्गांचे अस्तित्व हा हिंदू संस्कृतीवरचा आरोप म्हणून मांडला. इंग्रजांनी केवळ कायदा केला. जन्मावरून धंदा आणि धंद्यावरून पाप ठरवण्याची कल्पना त्यांना येथे आयती मिळाली. वसलसुत्तात तथागतांनी अग्गिकभारद्वाज ब्राह्मणासमोर नाकारली ती हीच. तेथे ते वसल कोण, याची यादी देतात, आणि तीत न दिलेले चोरून घेणारा, ऋण घेऊन नाकारणारा, खोटी साक्ष देणारा असे सारे कर्त्याच्या कृत्यावरून ओळखलेले आहेत. जन्मावरून एकही नाही.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला आणि त्या जमाती विमुक्त झाल्या. परंतु त्याच्या जागी राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा १९५९ चा. त्यांत व्यक्तीची पूर्वीची शिक्षा पाहावयाची, जमात नव्हे, असे कागदावर होते. तुरुंगांच्या नियमपुस्तिकांत मात्र जमातीचा उल्लेख टिकून राहिला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका महिला पत्रकाराच्या याचिकेवर ते नियम घटनाबाह्य ठरवले आणि कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला.